बोन कंडक्शन हेडफोन लावून बाहेर पळायचं-फिरायचं असेल तर

सकाळी टेकडीवर नाहीतर रस्त्यावर पळायला येणाऱ्यांकडे आता बोन कंडक्शन हेडफोन बरेच दिसायला लागलेत. कानाच्या पुढे गालाच्या हाडावर दोन छोटे पॅड, डोक्याच्या मागून जाणारी पट्टी, आणि कानात काहीच नाही, असा तो प्रकार. आमच्या पुण्याच्या रनिंग ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतच असतं की घेऊ का, कोणता घेऊ, आणि घेतल्यावर महिन्याभराने तीच व्यक्ती परत विचारते की याचा आवाज असा बारीकच असतो का माझाच पीस गंडलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक टाकली की काम झालं.

आधीच एक सांगते. हा हेडफोन घेतला म्हणजे रस्त्यावर आता काही होत नाही असं डोक्यात घेऊ नका. कान मोकळे राहतात हे खरं, पण लक्ष मोकळं राहीलच असं नाही, ते तुम्ही काय ऐकताय आणि किती मोठ्याने ऐकताय त्यावर आहे. खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक याच एका गोष्टीसाठी आहे.

हे चालतं कसं

एरवी आवाज हवेतून येतो, कानाच्या नळीतून आत जाऊन पडद्यावर आपटतो, पडद्यामागची तीन इवलीशी हाडं तो पुढे ढकलतात आणि मग आतल्या शंखासारख्या भागात, म्हणजे कॉक्लियात, त्याचे सिग्नल होऊन मेंदूकडे जातात. बोन कंडक्शनमध्ये पॅड थरथरतो आणि ती थरथर कवटीच्या हाडातून थेट कॉक्लियात पोचते, नळी आणि पडदा मधे येतच नाहीत. कान तपासताना ईएनटी डॉक्टर ट्यूनिंग फोर्क वाजवून कानामागच्या हाडाला टेकवतात ना, तेच तत्त्व, ती तपासणी १८५५ सालापासून चालत आलीय, म्हणजे यात नवीन काही नाही, नवीन फक्त ब्लूटूथ आणि बॅटरी. आणि रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज आपल्याला परका वाटतो त्याचं कारणही हेच, बोलताना आपला आवाज आपल्याला हाडातूनही ऐकू येत असतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो.

आता यात एक गोम आहे. गाणं हाडातून आलं आणि मागच्या बाईकचा हॉर्न हवेतून आला तरी शेवटी दोन्ही त्याच कॉक्लियात जातात. म्हणजे गाणं पुरेसं मोठं केलं तर सायकलची घंटी त्याखाली दबणारच, कान कितीही उघडे असोत. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

अजून एक, बरेच जण म्हणतात की एवढे पैसे कशाला घालवायचे, नेहमीचा इअरबड एकाच कानात घालायचा आणि दुसरा उघडा ठेवायचा. ऐकू येतं त्याने, पण आवाज कुठून आला ते नीट कळत नाही. डावीकडून की उजवीकडून हे मेंदू दोन्ही कानांत आवाज पोचायच्या वेळेतल्या आणि जोरातल्या फरकावरून ओळखतो, आणि पुढून की मागून हे बरंचसं कानाच्या पाळीच्या आकारावरून. एक कान बुजवला की ही सगळी यंत्रणा लंगडी. रस्त्यावर तुम्हाला गाडी आहे एवढंच कळून उपयोग नाही, कुठल्या बाजूने येतीये ते कळायला लागतं. माझ्या मते मोकळे कान ठेवण्याचं खरं कारण हेच आहे.

घेताना

ऑनलाइन ‘ओपन इअर’ लिहून जे काय विकतात त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक खरं बोन कंडक्शन. दुसरा प्रकार म्हणजे कानाच्या तोंडाशी लटकणारे छोटे स्पीकर, बोसचे अल्ट्रा ओपन किंवा शॉक्झचे ओपनफिट या जातीतले, यात आवाज हवेतूनच येतो पण नळी बुजत नाही. हेही चांगले असतात, गाण्याला तर जास्त चांगले, फक्त ते बोन कंडक्शन नाहीत हे माहीत असावं. आणि तिसरा प्रकार स्वस्तातला, दिसायला हुबेहूब बोन कंडक्शनसारखा, पट्टी बिट्टी सगळं, पण आत साधा स्पीकर. बॉक्सवर मात्र ठळक अक्षरात बोन कंडक्शन.

ओळखायची पद्धत एकदम सोपी आहे. हेडफोन लावा, काहीतरी चालू करा आणि दोन्ही कानांत बोटं घाला. खरं बोन कंडक्शन असेल तर आवाज कमी होण्याऐवजी भरदार होतो, बेस वाढल्यासारखा वाटतो. आवाज गायब झाला किंवा एकदम पडला तर समजा हवेतला स्पीकर आहे. अपवाद एवढाच की शॉक्झच्या ओपनरन प्रो २ सारख्या नव्या मॉडेलमध्ये दोन्ही बसवलंय, वरचे सूर हाडातून आणि खालचे छोट्या स्पीकरमधून, त्यामुळे तिथे बोटं घातल्यावर थोडं इकडचं थोडं तिकडचं होतं. दुकानात ट्राय करायला मिळत नसेल तर घरी आल्याबरोबर पहिलं काम हे करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

कंपन्यांमध्ये शॉक्झ सगळ्यात जास्त दिसतात, २०२१ च्या शेवटापर्यंत यांचं नाव आफ्टरशॉक्झ होतं, त्यामुळे जुन्या रिव्ह्यूमध्ये ते नाव सापडलं तर कंपनी तीच. मॉडेल निवडताना लोक फक्त किंमत बघतात, मी म्हणते दोन गोष्टी आधी बघा. पहिली पाण्याची रेटिंग. आयपी ५५ मध्ये पहिला ५ धुळीचा, दुसरा ५ पाण्याच्या फवाऱ्याचा, म्हणजे घाम आणि पाऊस चालतो पण बुडवायचं नाही. आयपी ६७ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आता गंमत अशी की ओपनरन आयपी ६७ आहे आणि त्याच्याहून महाग ओपनरन प्रो आयपी ५५. म्हणजे महाग तो जास्त वॉटरप्रूफ हा हिशोब इथे चुकतो. कोकणात नाहीतर मावळात राहून जुलैमध्ये पण पळणार असाल तर मी साधा ओपनरन घेईन.

दुसरी गोष्ट चार्जिंगची केबल. काही मॉडेलला स्वतःची वेगळी चुंबकवाली केबल लागते, ती हरवली की गावाला कोणाकडे मागून मिळणार नाही, काहींना नेहमीची टाइप सी चालते. बॅटरी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ओपनरनला ८ तास, प्रोला १०, प्रो २ ला १२, म्हणजे फुल मॅरेथॉन निवांत पळणाऱ्यालाही पुरून उरते, रात्रभराच्या ट्रेकला किंवा अल्ट्राला, म्हणजे मॅरेथॉनहून लांबच्या शर्यतीला, मात्र विचार करा.

डोकं लहान असेल तर मिनी साइज बघा. बायकांना बऱ्याचदा रेग्युलर साइज मागे इतका लांब पडतो की प्रत्येक पावलाला पट्टी मानेवर टपटप आपटते, दोन किलोमीटरनंतर तो टपटप आवाज गाण्यापेक्षा मोठा वाटायला लागतो.

बसवायचं कसं

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. कानाच्या नळीच्या तोंडाशी पुढून जो मऊ उंचवटा असतो, त्याच्या जरा पुढे पॅड यायला पाहिजे, गालाच्या हाडावर, टेकून. नळीवर नाही आणि खाली जबड्याच्या सांध्यावरही नाही. तोंड उघडमीट करून बघा, बोटाखाली जिथे हाड हलतंय तिथे पॅड असेल तर बोलताना, धापा टाकताना तो सरकत राहणार. काहीतरी बोलणं लावून पॅड एक-दोन मिलिमीटर वर-खाली, पुढे-मागे सरकवून बघा, एका जागी आवाज एकदम खुलतो. ती जागा प्रत्येकाची वेगळी, आणि डाव्या-उजव्या बाजूचीही जरा वेगळी असू शकते.

केस मधे येऊ देऊ नका. पोनी असेल तर पट्टी पोनीच्या खालून. तेल लावून पळायला येत असाल (आहेत, आमच्यात आहेत) तर पॅड घसरतो आणि त्यावर तेलाचा थर बसतो, सनस्क्रीनचंही तेच. कानात झुमके वगैरे असतील तर हुकात अडकतात, कुड्या चालतात. चष्मेवाल्यांनी आधी हेडफोन लावायचा आणि मग चष्मा, चष्म्याची काडी हुकाच्या बाहेरून किंवा वरून, जसं बोचत नाही तसं. थंडीत माकडटोपी घालायची तर हेडफोन आत, टोपी वर, म्हणजे पॅड आणखी घट्ट टेकतो आणि आवाज उलट सुधारतो, पण टोपीने कान झाकले गेले की मोकळ्या कानांचा मुद्दाच संपला. कानावरून टोपी किंवा स्कार्फ जरा वर घ्या, नाहीतर अंधारात तरी हेडफोन काढून ठेवा.

विंडचिटरची उभी कॉलर आणि पाठीवरची पाण्याची बॅग या दोन्ही गोष्टी मागच्या पट्टीला ढकलतात. त्यावर उपाय नाही फारसा, कॉलर दुमडा. आणि पळून झाल्यावर मॅटवर आडवं होऊन स्ट्रेचिंग करायचं असेल तर काढूनच ठेवा, पट्टीवर डोकं ठेवून शवासन जमत नाही.

आवाज किती ठेवायचा

इथे जरा वेळ काढून वाचा.

लोकांचा समज असा की पडद्यावर काही आदळत नाही म्हणजे कान खराब होणार नाहीत. पडदा वाचतो हो, पण मोठ्या आवाजाने जे कायमचं बिघडतं ते पडद्यात नसतंच, ते कॉक्लियातल्या केसासारख्या पेशींमध्ये असतं आणि त्या माणसात परत उगवत नाहीत. बोन कंडक्शन थेट तिथेच तर जातंय. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि ९० डेसिबलला फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले आणि वेळ एक दशांश. फोनमध्ये हेडफोनचा आवाज डेसिबलमध्ये दाखवायची सोय असते, पण तो आकडा कानात घालायच्या हेडफोनच्या अंदाजाने काढलेला असतो, यांच्यासाठी त्यावर विसंबू नका.

मग ठरवायचं कसं? घरी, पंखा बंद करून, शांत खोलीत आवाज लावा, बोलणं आरामात समजेल एवढाच. मग कोणाला तरी हातभर अंतरावर उभं करून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा, ‘दूध आणलंस का’ असलं काहीतरी, आणि तुम्हाला ‘काय?’ असं विचारायला लागलं तर एक-दोन टप्पे खाली. तो तुमचा वरचा आकडा. बाहेर गेल्यावर दुसरी खूण, स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू यायला पाहिजे. डांबरावर पडणारं पाऊल आणि स्वतःचा श्वास ऐकू येत नसेल तर मागून रबरी टायरवर येणारी सायकल तुम्हाला ऐकू येणं शक्यच नाही.

आता खरी अडचण. घरी ठरवलेला आवाज कर्वे रोडला किंवा एलबीएस रोडवर लागला की काही ऐकूच येत नाही. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रहदारीच्या रस्त्यावर प्रत्यक्ष काय असतं ते आपल्याला माहितीये. अशा वेळी हात आपोआप व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो. नका वाढवू. ऐकू येत नाहीये याचा अर्थ आजूबाजूला इतका गोंगाट आहे की सगळं लक्ष तिकडेच पाहिजे, पॉज करा, तो पट्टा पार करा, आत गल्लीत शिरल्यावर परत लावा. बहुतेक हेडफोनला एका बटणावर पॉज असतं, शॉक्झमध्ये डाव्या पॅडवरचं बटण एकदा दाबलं की थांबतं, परत दाबलं की चालू, पळता पळता न बघता जमतं. हे बटण बोटांना इतकं सवयीचं करून टाका की चौक दिसला की दाबलं. बटणवाला हेडफोन टचवाल्यापेक्षा बरा तो यासाठी, घामाच्या आणि पावसाच्या बोटांनी टच कधी लागतो कधी नाही.

बेस वाढवण्याच्या मागे लागू नका. बेसला जास्त थरथर लागते आणि आवाज वाढवला की गालावर मुंग्या आल्यासारखं गुदगुल्या होतात, काही जणांना त्याने डोकं पण दुखतं. इक्वलायझरमध्ये बोलण्याचा, व्होकल असा मोड असेल तर तो लावा, कमी व्हॉल्यूमवर शब्द स्पष्ट येतात.

कानात फोमचे बोळे घालून हेच हेडफोन लावले तर आवाज मस्त भरतो, वर बोटांची टेस्ट सांगितली तेच कारण. एसटीत, रेल्वेत, जिममध्ये ट्रेडमिलवर खुशाल करा. रस्त्यावर केलं तर मग साधे इअरबडच काय वाईट होते.

काय ऐकायचं

माझं स्पष्ट मत, हे हेडफोन बोलण्यासाठी आहेत, गाण्यासाठी नाहीत. गाणी वाजतात, पण पातळ वाजतात, आणि दोन्ही पॅड एकच कवटी हलवतायत त्यामुळे डावं-उजवं वेगळं असं फारसं कळत नाही. ज्यांना तबल्याचा बायां पोटात ऐकू यायला लागतो त्यांची निराशा होणार. उलट पॉडकास्ट, मराठी ऑडिओबुक, कीर्तन, बातम्या, रनिंग अ‍ॅपवाली बाई दर किलोमीटरला पेस, म्हणजे पळायचा वेग, सांगते ते, हे सगळं एकदम छान.

फक्त यातही फरक आहे. रहस्यकथेचा शेवट ऐकत असाल तर कान उघडे आणि माणूस भलतीकडे, असं होतं. फोनवर ऑफिसच्या कॉलला असताना तर हमखास, बघा कधी, रस्ता क्रॉस करताना समोर बघतोय पण दिसत काही नाहीये असा चेहरा असतो. आवाज कानात गेला तरी मेंदूने तो घ्यायला तर पाहिजे. म्हणून वर्दळीच्या भागात असं काहीतरी लावा की मधलं मिनिटभर निसटलं तरी चालेल, ऐकलेलं काहीतरी, रेडिओ, अभंग. डोकं लावून ऐकायचं ते मैदानाच्या ट्रॅकवर, रेसकोर्सवर फेऱ्या मारताना.

रस्ता, टेकडी, सायकल

फूटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा, हेडफोन असो नसो. मागून येणाऱ्या गाडीचं जे काम कानांवर टाकलेलं असतं ते मग डोळ्यांवर येतं. अर्थात आपल्याकडे राँग साइडने येणारे दुचाकीवाले असल्यामुळे मागूनही काहीतरी येऊ शकतं, तेव्हा वळण्याआधी, खड्डा चुकवायला बाजूला सरकण्याआधी मान मागे वळवायचीच. आणि आता एक नवीन लफडं म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या. स्कूटर, रिक्षा, पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस, हळू असताना यांचा आवाजच येत नाही, तिथे तुमचे मोकळे कान काय करणार. कानावर भरवसा ठेवायची सवय जितकी कमी तितकं बरं.

कुत्री. पहाटे पाचला निघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कुत्रं अंगावर यायच्या आधी बऱ्याचदा गुरगुरतं, मागे नखांचा टकटक आवाज येतो, ते ऐकू आलं तर थांबायला, चालायला लागायला वेळ मिळतो. ज्या गल्लीत त्यांची टोळी आहे तिथे मी पॉज करूनच जाते.

टेकडीवर, म्हणजे वेताळ टेकडी, तळजाई, किंवा साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर, गाड्या नाहीत म्हणून लोक आवाज वाढवतात. माझं म्हणणं, उजाडल्यावर, माणसांची ये-जा असताना लावा, अंधारात किंवा एकट्याने आडवाटेला असाल तर नको, विशेषतः मुलींनी. मागून येणारी पावलं कोणाची आहेत, चालतायत का पळतायत, थांबली की काय, हे सगळं ऐकून कळतं. मुंबईत आरे किंवा नॅशनल पार्कच्या बाजूला राहणाऱ्यांना बिबट्याचं कारण वेगळं सांगायला नको. आणि खरं सांगू का, वेताळ टेकडीवर सकाळी मोर ओरडतात ते सोडून पॉडकास्ट ऐकायचा असेल तर ऐका बापडे. पण एका गोष्टीसाठी मी या हेडफोनची जाहिरात फुकट करायला तयार आहे, ते म्हणजे मोबाईलचा स्पीकर फुल करून अख्ख्या टेकडीला गाणी ऐकवत फिरणारे काका. त्यांच्या वाढदिवसाला वर्गणी काढून एक घेऊन द्या.

सायकलवर गणित बदलतं. वेग वाढला की कानात वारा एवढा घोंगावतो की ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे बोलणं समजतच नाही, आणि मग परत तेच, आवाज वाढवला जातो. नेव्हिगेशनचं ‘डावीकडे वळा’ ऐकायला ठीक, बाकी चढावर हळू असताना काय ते. हेल्मेटचा मागचा घट्ट करायचा डायल आणि हेडफोनची पट्टी एकाच जागेसाठी भांडतात, पट्टी डायलच्या खालून घ्या आणि हेल्मेटचे कानाजवळचे पट्टे हुकावरून, हे घरी आरशासमोर बसवून बघा, कात्रजच्या पायथ्याशी नाही. ग्रुप राइडमध्ये अजिबात लावू नका. पुढचा ‘खड्डा!’ म्हणून ओरडतो, मागचा ‘गाडी!’ म्हणून ओरडतो, ते अर्धा सेकंद उशिरा कळलं तर तुमच्यामागचे चार जण पडतात.

पोहण्यासाठी हे साधे ब्लूटूथवाले चालत नाहीत, पाण्याखाली ब्लूटूथचे सिग्नल जातच नाहीत. त्याला आत गाणी भरायची सोय असलेलं वेगळं मॉडेल लागतं.

आवाज तुटतोय

मोकळ्या मैदानात, मरीन ड्राइव्हला, धरणाच्या भिंतीवर आवाज तुटतो आणि घरात तोच हेडफोन झकास चालतो, ही तक्रार नेहमीची. हेडफोन खराब नसतो. ब्लूटूथचे सिग्नल पाण्यात शोषले जातात आणि आपलं शरीर म्हणजे मुख्यतः पाणीच. घरात सिग्नल भिंतींवर आपटून वळसा घालून पोचतो, उघड्यावर भिंतच नाही, त्यामुळे फोन डाव्या खिशात आणि अँटेना उजवीकडे असेल तर मधे आख्खे तुम्ही. फोन दुसऱ्या बाजूच्या खिशात टाकून बघा, दंडाला बांधून बघा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

पाऊस, घाम, चार्जिंग

रेटिंगच्या चाचण्या साध्या पाण्यात होतात, घाम खारट असतो, आणि हेडफोनची वाट पावसापेक्षा घामानेच जास्त लागते. आल्यावर ओल्या फडक्याने पॅड, हूक, पट्टी पुसा, मग कोरड्याने. आयपी ६७ असेल तर नळाच्या बारीक धारेखाली धरलं तरी चालतं, साबण, स्पिरिट नको. चार्जिंगच्या जागी ओल असताना केबल लावायची नाही, हा नियम तोडला की त्या पिना हिरव्या-काळ्या पडतात आणि मग चार्जच होत नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर पंख्याखाली तासभर, मग चार्जिंग. हेअर ड्रायर मारू नका. तांदळाच्या डब्यातही घालू नका, पीठ आत जातं, बाकी काही होत नाही. पावसाळी जॅकेटची टोपी डोक्यावर असेल तर तिचाच सळसळ आवाज एवढा होतो की हेडफोन काय आणि गाड्या काय, दोन्ही ऐकू येत नाहीत, टोपी मागे टाकून कॅप घाला.

पावसाळ्यात एक फायदा मात्र मानायला हवा. दमट हवेत कानात बुरशी होण्याचा त्रास ज्यांना आहे, त्यांना बोळ्यासारखे इअरबड तासभर घालून ठेवणं नको असतं, इथे नळी हवेशीर राहते. पडद्याला भोक आहे, कान वाहतो, अशांनाही कानात काही न घालता ऐकता येतं, आणि ज्यांचं ऐकणं बाहेरच्या किंवा मधल्या कानाच्या दोषाने कमी झालंय त्यांना कधीकधी याने चक्क चांगलं ऐकू येतं. आतल्या कानाच्या, नसेच्या दोषात तसा उपयोग होत नाही. डोक्यात किंवा कानात कुठलंही इम्प्लांट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्पर्धेत लावायचे का

ते त्या त्या स्पर्धेच्या नियमांवर आहे, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेताना जे पत्रक मिळतं ते वाचा. इंग्लंडमध्ये काही वर्षांपूर्वी नियम असा झाला की रस्ता वाहनांना पूर्ण बंद नसेल तर शर्यतीत हेडफोन चालणार नाहीत, पण बोन कंडक्शन चालतील. यावरून आपल्याकडे काही जण सगळीकडेच चालतात असं धरून चालतात. ट्रायथलॉनमध्ये मात्र बोन कंडक्शन असो की आणखी काही, हेडफोन लावला तर बाद करू शकतात. मुंबई मॅरेथॉनला लावणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला, पेडर रोडच्या चढाला पॉज करा. लोक घराबाहेर येऊन, संत्री-बिस्किटं हातात घेऊन, तुमच्या बिबवरचं नाव वाचून हाका मारत असतात.